अक्कांची ऑफिस कॉपी

अक्का, तुमच्या घरचा फोन आज सकाळपासून एंगेज आहे आणि शेजारच्या हंसाबेन दोनदा दार वाजवून गेल्या. पहिल्यांदा मी आतूनच "थोडी देर, बेन" म्हणून ओरडले. दुसऱ्यांदा त्यांनी दार ढकलून आत डोकावलं. कॉम्प्युटरसमोर मी, शेजारच्या खुर्चीवर तुमचा मिलिंद. त्यांनी एक शब्द न बोलता दार ओढून घेतलं. हंसाबेन एक शब्द न बोलता गेल्या, अक्का! तुम्ही असता तर कॅलेंडरवर खूण केली असती.

परवा तुमच्या माघारी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. गच्चीवर मांडव घातला होता, वंदना झाली, मग एकेक जण तुमच्याबद्दल बोलला. कुणीतरी म्हणालं, अक्का फार शांत स्वभावाच्या होत्या. मी तुमच्या भावाकडे बघितलं, तर तो खाली मान घालून चटईची काडी उपटत होता. शांत म्हणे! तुम्ही भाजीवाल्याला हाक मारली की आपल्या इंद्रलोक वस्तीच्या तिकडच्या टोकाचे रिक्षावाले वळून बघायचे. माझ्या हातात माइक आला तेव्हा मी दोन वाक्यं बोलून खाली बसले. मला तुमच्याशी भांडायचं होतं, आणि ते माइकवरून चारचौघांत कसं करणार?

पाहुणे गेल्यावर मिलिंद माझ्याबरोबर पातेली आवरत होता. म्हणाला, "मामी, आईनं मला लिहिलेलं एक अक्षर माझ्याकडे नाहीये." जर्मनीत तो ज्या संस्थेत शिकत होता, तिथलं त्याचं मेलचं खातं कोर्स संपल्यावर बंद झालं. नव्या नोकरीची धावपळ, खोली बदलायची, त्यात ते काढून घ्यायचं राहिलं. "मला वाटलं, आई आहेच की. परत लिहील." एवढं म्हणाला आणि हातातलं पातेलं पोटाशी धरून उभा राहिला. एवढा उंच मुलगा, पण मला तो शाळेच्या चड्डीतला दिसायला लागला.

मी ते पातेलं त्याच्या हातून काढून घेतलं. त्याला काही सांगण्याआधी मला तुमच्या कॉम्प्युटरवर बघून घ्यायचं होतं.

नणंद-भावजयीचं भांडण म्हटलं की लोकांना वाटतं दागिने, नाहीतर भाजीतलं मीठ. आपलं भांडण ऑफिस कॉपीवरून होतं. हे बाहेर कुणाला सांगितलं तर दोघींना वेड्यात काढतील.

तुमची अख्खी नोकरी एका ऑफिसच्या आवक-जावकमध्ये गेली. आलेल्या कागदावर शिक्का, गेलेल्या कागदाची एक प्रत फायलीत. ते ऑफिस सुटलं तरी तुमच्या हातातून ते गेलं नाही. दूधवाल्याला चिठ्ठी लिहिलीत तरी खाली कार्बन असायचा. मिलिंद परदेशी गेला, तुम्ही रिटायर झालात, आणि मी स्टेशनजवळच्या क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवते म्हणून तुम्ही माझ्या मागे लागलात. "मला शिकव गं सुनंदा. पण ओरडायचं नाही."

"ओरडायचं नाही तर शिकवू कशी?" मी म्हटलं.

मी ओरडले, तुम्हीही ओरडलात, आणि शिकलात. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायला तर माझ्या क्लासच्या पोरींपेक्षा लवकर शिकलात. पण पहिल्याच मेलला तुम्ही मिलिंदच्या पत्त्याखालच्या ओळीत स्वतःचाही पत्ता टाकलात. मी विचारलं, हे काय?

"ऑफिस कॉपी."

"अहो अक्का, पाठवलेलं आपोआप 'सेंट'मध्ये राहतं."

"ते मशीनकडे राहतं. मला काय उपयोग? माझ्या पत्त्यावर आलं म्हणजे आवक झालं. मग मी ते फायलीला लावणार."

आणि खरंच लावायचात. 'मिलिंद' नावाचं फोल्डर केलंत. त्याचं पत्र, त्याखाली तुमच्या उत्तराची प्रत, पुन्हा त्याचं पत्र. ही सगळी फाईल मेल कंपनीच्या मोठ्या कॉम्प्युटरवर राहायची, आपण इथून फोन लावून नुसती उघडून बघायचो. तिथे ठरावीकच जागा मिळायची. मी म्हणायचे, अक्का, जागा भरतेय, त्या प्रती पुसा. तुम्ही म्हणायचात, आधी तू तुझ्या माळ्यावरचे रिकामे डबे काढ.

मग कंपनीचं पत्र आलं. ती धंदा गुंडाळत होती. महिनाअखेरीला सगळी खाती बंद, आणि आतलं सगळं पुसलं जाणार. तुम्ही ते मला वाचून दाखवलंत आणि चष्मा काढून टेबलावर ठेवलात. मिलिंदला जर्मनीला जाऊन तेव्हा दोन वर्षं होऊन गेली होती. त्याचा पहिला बर्फ त्या फोल्डरमध्ये होता. त्याचा तापही, जो त्याने बरा झाल्यावर कळवला म्हणून तुम्ही आठवडाभर त्याच्यावर चिडला होतात. गावाबाहेर एक नदी आहे, थेट आपल्या चेण्याच्या नदीसारखी, फक्त स्वच्छ, असं त्याने लिहिलं होतं ते पत्र तर तुम्ही येईल त्याला वाचून दाखवायचात. "पोरगं माझं या पत्रांतून मोठं झालं गं," तुम्ही म्हणालात. "यातलं एक गेलं तरी मला चालणार नाही."

मी कंबर कसली. दुसऱ्या कंपनीचं नवं खातं काढलं, मेलच्या प्रोग्राममध्ये दोन्ही खाती शेजारी-शेजारी लावली. जुन्यातून उचलायचं, नव्यात ठेवायचं. किती सोपं! मी 'मूव्ह'वर बोट ठेवलं तर तुम्ही माझा हातच धरलात. "मूळ कागद जागचा हलवायचा नाही. प्रत काढ. प्रत पोचली, तपासली, की मग मूळचं बघू." त्या एका हात धरण्याने आपण वाचलो, कारण पहिल्याच दिवशी लाइन तुटली. मूव्ह केलं असतं तर काय इकडे नि काय तिकडे, देवाला ठाऊक.

लाइन का तुटते, ते कळायला फार डोकं लागलं नाही. अर्ध्या मजल्याने आपल्या नातेवाइकांना तुमचाच नंबर दिला होता. फोनचं दुसरं यंत्र स्वयंपाकघरात. कुणी ना कुणी यायचं आणि बिनदिक्कत रिसीव्हर उचलायचं, की इकडे मोडेम किंचाळून गप्प. पुन्हा फोन लावायचा, पुन्हा सगळं निवडायचं, आणि आधी गेलेली पत्रं दुसऱ्यांदा जायची. 'आई, इथे बर्फ पडला' ओळीने तीनदा. तुम्ही म्हणालात, "पडू दे, जर्मनी आहे." मी हसले नाही, मला तेव्हा संताप आला होता. मग सगळं एकदम घ्यायचं सोडून दिलं. मूठभर घ्यायची, पोचली का बघायची, पुढची मूठ.

दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्या घरात घुसून बोंब मारलीत. "सुनंदा! सगळ्यांच्या तारखा बदलल्या!" खरंच, नव्या खात्यात मिलिंदची दोन वर्षांची पत्रं एकाच दिवशी, म्हणजे कालच आलेली दिसत होती. मी घाईघाईने एक पत्र उघडून बघितलं, तर आत तारीख जुनीच, शाबूत. यादीत मात्र पत्र इथे कधी पोचलं ते दिसत होतं. मी समजवायला तोंड उघडलं तर तुम्हीच म्हणालात, "अच्छा, म्हणजे हा आवकचा शिक्का. पत्रावरची तारीख वेगळी." मी यादी लिहिल्याच्या तारखेप्रमाणे लावली आणि पोराची दोन वर्षं पुन्हा ओळीत उभी राहिली. त्या दिवशी तुम्ही मला स्वतःच्या हाताने बोंबलाचं कालवण वाढलंत. आपण जिंकलोच, असं मला वाटलं.

कुठलं काय! तिसऱ्या दिवशी प्रोग्राम सांगायला लागला, नवं खातं भरलं. अर्धीसुद्धा पत्रं गेली नव्हती. जागा तर जुन्यापेक्षा जास्त होती.

तेव्हा मी बोलले. बोलले कसली, सुटलेच. म्हटलं, या तुमच्या ऑफिस कॉप्या! प्रत्येक गोष्ट दोनदा, प्रत्येक गोष्ट दोनदा! पोराची पत्रं वाचवायचीत की तुमची? पुसा त्या, नाहीतर महिनाअखेरीला दोन्ही जातील. तुम्ही उभ्याच राहिलात. "नाही पुसणार."

"मग मी नाही करणार."

"नको करूस. मी बघीन."

मी घरी आले. चार पावलांवर तर घर! तुमचा भाऊ पेपर वाचत होता. त्याने पेपर खाली केला, माझं तोंड बघितलं आणि पुन्हा वर केला. शहाणा माणूस. चहा करता करता मात्र माझ्या डोक्यात किडा वळवळत राहिला. तुमची पत्रं चार-चार ओळींची. पाणी आलं, पाणी नाही आलं, टँकर मागवला, स्वेटर घाल. त्यांनी एवढी जागा भरेल कशी? चहा तसाच टाकून मी परत आले. तुम्ही पाठमोऱ्या बसला होतात, चष्मा नाकाच्या टोकावर, एका बोटाने बटणं दाबत. मी शेजारी बसले. तुम्ही सरकून जागा केलीत.

आपण इतके दिवस नव्या खात्यातलं 'मिलिंद' फोल्डरच उघडून बघत होतो. मी त्या खात्याचा इनबॉक्स उघडला. अक्का, ते दृश्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. वरपासून खालपर्यंत एकच पत्र. 'आई, नवीन पत्ता मिळाला. पोचलं का कळव.' खाली, 'आई, नवीन पत्ता मिळाला. पोचलं का कळव.' पान संपेना. जुनं खातं उघडलं, तिथेही तेच. मध्येमध्ये तुमच्या भाचीचं वाढदिवसाचं कार्ड, रंगीत फुलांचं, जडच्या जड, तेही असंच उचकी लागल्यासारखं पुन्हा पुन्हा.

मी हळूच विचारलं, "अक्का, तुम्ही सेटिंगमध्ये काही केलंत का?"

"काही नाही. रिडायरेक्टचा अर्ज भरला."

"कुठे?"

"जुन्या खात्यात. आलेली पत्रं नव्या पत्त्यावर पाठवा."

"बरोबर आहे. आणि?"

तुम्ही चष्मा पुसलात. "आणि नव्यातही भरला. नव्याचा काय भरवसा गं, कालचं खातं! म्हटलं, तिकडे आलेली जुन्यालाही पाठवा. कुठेतरी तर सापडेल."

मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. दोघींना एकदमच आठवलं. मुंबईची खोली सोडून तुम्ही भाईंदरला आलात, तेव्हा या बिल्डिंगला अजून पाणी नव्हतं. चार दिवस इथे, चार दिवस तिथे, असं चाललं होतं. टपाल चुकू नये म्हणून तुम्ही तिकडच्या पोस्टात अर्ज दिलात की पत्रं भाईंदरला पाठवा, आणि इकडच्या पोस्टात अर्ज दिलात की पत्रं मुंबईला पाठवा. तुमच्या मावसभावाच्या लग्नाची पत्रिका इकडून तिकडे हिंडत राहिली. हातात पडली तेव्हा तिच्यावर शिक्क्याला जागा उरली नव्हती आणि नवरीचं डोहाळजेवण तोंडावर आलं होतं. शेवटी पोस्टमन जिना चढून वर आला, घाम पुसला आणि म्हणाला, "बाई, तुम्ही नक्की राहता कुठे?" ही गोष्ट तुम्हीच प्रत्येक लग्नात सांगायचात.

मी म्हटलं, "अक्का, तुम्ही नक्की राहता कुठे?"

आणि आपण हसलो. बापरे, किती हसलो! तुम्ही टेबलावर डोकं टेकवलंत, माझ्या डोळ्यांतून पाणी. हंसाबेन धावत आल्या, "क्या हुआ, क्या हुआ?" आपल्याला सांगताच येईना. मला आजही ती हाक ऐकू आली की तुमच्या डोक्यावरचा तो सैल अंबाडा हलताना दिसतो. मला तुम्ही हव्या आहात, अक्का. सरळ सांगते, मला तुमची फार आठवण येतेय.

एक रिडायरेक्ट बंद केला. एकच पत्र ठेवून बाकीची पुसली, तरी खातं भरलेलंच! मग लक्षात आलं, पुसलेल्या पत्रावर नुसती आडवी रेघ पडते, पत्र जागेवरच असतं. ती कायमची काढून टाकायचं बटण वेगळं. ते दाबलं आणि नवं खातं धुतलेल्या ताटासारखं रिकामं झालं. तुमच्या ऑफिस कॉप्यांनी कोपऱ्याएवढीही जागा घेतली नव्हती. तुम्ही नुसतं माझ्याकडे बघितलंत. ते बघणं बोलण्यापेक्षा वाईट होतं.

शेवटच्या दिवशी एकच पत्र उरलं. बर्फातला मिलिंदचा फोटो. तो एवढा मोठा होता की मुठीत घेतला की बाकीच्यांनाही अडवायचा, म्हणून आपण त्याला मागे ठेवला होता. आता त्याला एकट्याला पाठवायचं, आणि तो पोचेपर्यंत कुणीही फोन उचलायचा नाही. हंसाबेनना सांगितलं. त्या मटारची पिशवी आणि ताट घेऊन तुमच्या स्वयंपाकघरात, फोनच्या स्टुलाशी फतकल मारून बसल्या. कोण आलं तर, "आज फोन नहीं मिलेगा. अक्का का लडका आ रहा है." शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "मिलिंद येतोय? कधी?" हंसाबेन म्हणाल्या, "अभी. तार में है."

निळी पट्टी मुंगीच्या पायाने सरकत होती. तुम्ही खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या होतात, बसायला तयार नव्हतात. पट्टी अर्ध्यावर थांबली. तुम्ही माझा खांदा दाबलात. मग हलली, भरली आणि गेली. मी नव्या खात्यात फोटो उघडला. वरून एकेक रेघ उमटत आली. आधी पांढरं आभाळ, मग तुम्ही विणलेली ती भयंकर पोपटी टोपी, मग त्याचे दात. तुम्ही ओरडलात, "आला गं, आला!" हंसाबेनच्या मांडीवरचा मटार स्वयंपाकघरभर. जिन्यातून लोक आले. दोन्ही खात्यांतला आकडा तुम्ही तीनदा ताडून बघितलात, तो जुळला, आणि मग तुम्ही माझ्या तोंडात साखर कोंबलीत. चमचाभर नाही, मूठभर. आभार मानायची तुमची तीच पद्धत होती. मी गुदमरले, पण मला कळलं.

जुन्या प्रती पुसायचं भांडण मात्र मिटलं नाही. मी गेल्या महिन्यातही म्हणाले होते, अक्का, आता तरी. आणि तुम्ही म्हणाला होतात, माळ्यावरचे डबे काढलेस का?

आज सकाळी मी मिलिंदला तुमच्या टेबलाशी आणून बसवलं. मागच्या पावसाळ्यात तुमच्या कॉम्प्युटरची डिस्क गेली होती. दुरुस्त करून आणला तेव्हा मशीनमधलं सगळं गेलेलं, 'सेंट'मधलं एकूण एक. तेव्हा तुम्ही हळहळलासुद्धा नाहीत. आज कळलं, का. मी नवं खातं उघडलं, 'मिलिंद' फोल्डर उघडलं. त्याचं पत्र. त्याखाली तुमचं. पुन्हा त्याचं, पुन्हा तुमचं. सगळी वर्षं, एक पान न गळता.

तो वाचायला लागला. 'चि. मिलिंद, अनेक आशीर्वाद. डाळ शिजत नाही म्हणतोस, तर आधी भिजत घाल. घाई करू नकोस. इथे आज पाणी आलं.' एवढंच वाचलं आणि तो हुंदके देऊन रडला, मग पुढच्या पत्रावर गेला, मग हसला, मग मोठ्याने वाचायला लागला. "मामी, हे ऐक. मामी, हे बघ, तुझ्याबद्दल लिहिलंय, तू चिडलीयस म्हणे." अख्खी सकाळ तुम्ही या खोलीत बोलताय, अक्का. टँकर, स्वेटर, डाळ, मी. मी तुमचा आवाज थेट रिक्षास्टँडपर्यंत जाताना ऐकतेय.

म्हणून फोन एंगेज आहे. तुमची पत्रं मिलिंदच्या खात्यात चालली आहेत. मूव्ह नाही, कॉपी. मूठ-मूठ करून. रिडायरेक्ट दोन्ही बाजूंनी तपासले. हंसाबेन आत्ता तिसऱ्यांदा आल्या आहेत. हातात मटार आहे. विचारलंसुद्धा नाही, सरळ स्वयंपाकघरात फोनशी जाऊन बसल्या.

तर भांडणाचा निकाल असा: तुम्ही जिंकलात. साफ जिंकलात. रिडायरेक्टचं मात्र मी जिंकले, ते मी प्रत्येक लग्नात सांगणार आहे. हे सगळं मी इंग्रजी अक्षरांत टाइप करून मिलिंदला पाठवतेय, तुमच्या फायलीला लावायला. त्याच्या पत्त्याखालच्या ओळीत मी माझाही पत्ता टाकलाय.

हसू नका, अक्का. ऑफिस कॉपी आहे.